निःशब्द चाकांची चाहूल

मराठीत ‘चाहूल’ हा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. कोणीतरी येत आहे, हे ते दिसण्यापूर्वी कळणे म्हणजे चाहूल. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाची सुरक्षितता पिढ्यान्‌पिढ्या या चाहुलीवर विसंबून राहिली आहे. बैलांच्या गळ्यातील घुंगरमाळा, टांग्याच्या घोड्याच्या टापा, सायकलची घंटी, मुंबईच्या ट्रामचा घणघणाट हे सारे वाटेत असलेल्या माणसाला वेळेवर सावध करणारे आवाज होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यात तर बर्फावरून घोड्याच्या घसरगाडीने जाणाऱ्याने घोड्याच्या साजाला किमान तीन घंटा बांधल्याच पाहिजेत, असे कलम आहे. बर्फावर टापांचा आवाज उमटत नाही. म्हणून तो मुद्दाम निर्माण करावा लागला.

पुढे पेट्रोल आणि डिझेलची इंजिने आली आणि हा प्रश्न शंभर वर्षे कोणाला पडलाच नाही. इंजिनाची घरघर हीच चाहूल झाली. आता विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी ती घरघर संपवली आहे. धूर नाही, गोंगाट नाही, ही आरोग्याच्या दृष्टीने स्वागतार्हच गोष्ट आहे. परंतु त्या शांततेबरोबर चाहूलही गेली. ज्यांना डोळ्यांपेक्षा कानांचा आधार अधिक आहे, अशा आपल्या घरातील ज्येष्ठांना, अंध व अल्पदृष्टी व्यक्तींना आणि खेळण्याच्या नादात असलेल्या मुलांना याची झळ पहिल्यांदा बसते. म्हणून या विषयाचा विचार केवळ मोटारींच्या तंत्रज्ञांनी न करता कुटुंबांनीही करावयास हवा.

शांतता नेमकी कोठे धोक्याची?

विद्युत वाहन प्रत्येक वेगाला निःशब्द असते, असा एक समज आहे. तो खरा नाही. चालत्या गाडीच्या आवाजाचे तीन प्रमुख स्रोत असतात : इंजिन, रस्त्यावर घासणारे टायर आणि गाडी कापत जाते ती हवा. वेग ताशी साधारण २० ते ३० किलोमीटरच्या पुढे गेला की टायरचा आवाज इंजिनावर मात करू लागतो. त्यामुळे महामार्गावर धावणारी विद्युत मोटार आणि पेट्रोलची मोटार यांच्या आवाजात कानाला फारसा भेद जाणवत नाही.

खरा फरक आहे तो मंद वेगात. गृहसंकुलाचे आवार, इमारतीखालील वाहनतळ, शाळेचे फाटक, रुग्णालयाचे प्रवेशद्वार, मंदिराकडे जाणारी अरुंद गल्ली, भाजीबाजार या ठिकाणी गाड्या हळू चालतात, वळतात, मागे येतात. आणि नेमक्या याच ठिकाणी माणसे निर्धास्तपणे पायी फिरत असतात. मंद वेग म्हणजे धोका कमी, असे आपल्याला वाटते. पण ताशी २० किलोमीटर वेगाने येणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ११ मीटर अंतर कापते. संथ पावलांनी चालणाऱ्या सत्तरीच्या माणसाला दोन सेकंदांत फार तर दोन-तीन पावले टाकता येतात.

कान रस्ता कसा वाचतो?

आपले दोन कान डोक्याच्या दोन बाजूंना आहेत, यात निसर्गाची मोठी योजना आहे. उजवीकडून येणारा आवाज उजव्या कानाला डाव्याच्या आधी पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या एक हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तरीही मेंदू तो टिपतो आणि आवाजाची दिशा ठरवतो. खालच्या पट्टीतील, म्हणजे कमी वारंवारितेच्या आवाजांसाठी मेंदू मुख्यतः या कालभेदाचा उपयोग करतो. वरच्या पट्टीतील आवाजांना मात्र डोके आडवे येते आणि दूरच्या कानाला ते क्षीण ऐकू येतात; तेथे तीव्रतेतील फरक दिशा सांगतो. आवाज पुढून आला की मागून, हे ओळखण्यास कानाच्या पाळीची घडण मदत करते. म्हणून एकाच सुरातील ‘पीं पीं’ ऐकून ती कोठून येते हे चटकन उमगत नाही. पण अनेक वारंवारितांचे मिश्रण असलेला, सळसळीसारखा आवाज कोठून येतो हे लगेच कळते.

वय वाढते तशी ही व्यवस्था दुबळी होते. वार्धक्यात येणाऱ्या बहिरेपणात प्रथम वरच्या पट्टीतील आवाज हरवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी पंचवीस टक्क्यांहून अधिक जणांना दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारी श्रवणहानी असते. अशा व्यक्तीला समोरासमोरचे बोलणे समजत असले, तरी पाठीमागून येणाऱ्या गाडीची बारीक चाहूल लागेलच असे नाही. एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर आवाज येत आहे हे कळते. पण कोणत्या बाजूने, हे कळत नाही. घाबरून माणूस चुकीच्या बाजूला सरकतो, तो बहुधा यामुळेच.

अंध व्यक्तींसाठी तर रस्त्याचा आवाज हाच रस्त्याचा नकाशा असतो. पांढरी काठी पायापुढची पायरी, खड्डा, खांब सांगते. पण दहा पावलांवरून येणारी गाडी काठीला कळत नाही. वाहतुकीचा आवाज समांतर जात आहे की आडवा, गाडी थांबली की वळली, हे ऐकून ते रस्ता ओलांडण्याचा निर्णय घेतात. म्हणूनच नव्या गाड्यांच्या शांततेविषयी जगात सर्वांत आधी आवाज उठवला तो अंधांच्या संघटनांनी. अमेरिकेतील नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संस्थेने या मागणीचा दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि तेथे पादचारी सुरक्षेचा कायदा संमत होऊन जानेवारी २०११ मध्ये त्यावर स्वाक्षरी झाली.

आकडे काय सांगतात?

ही भीती कल्पनेतील आहे काय, असा प्रश्न आपण विचाराल. लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेतील संशोधकांनी ब्रिटनमधील २०१३ ते २०१७ या वर्षांतील अपघातांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. दर दहा कोटी मैलांच्या प्रवासामागे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांमुळे सरासरी २.४० पादचारी जखमी वा मृत झाले होते. विद्युत व हायब्रिड गाड्यांच्या बाबतीत हे प्रमाण ५.१६ होते. म्हणजे दुपटीहून अधिक. हा फरक प्रामुख्याने शहरी भागात होता.

मात्र येथेच थांबणे योग्य नाही. त्या काळातील गाड्यांना कृत्रिम आवाजाची सक्ती नव्हती. ब्रिटनमधीलच २०१९ ते २०२३ या वर्षांचा लीड्स विद्यापीठातील अभ्यास पाहिला, तर पूर्णतः विजेवर चालणाऱ्या मोटारी आणि पेट्रोल-डिझेलच्या मोटारी यांच्यात पादचाऱ्यांच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. या सुधारणेत कृत्रिम आवाजाचा वाटा किती आणि आपोआप ब्रेक लावणाऱ्या नव्या यंत्रणांचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पण उपाय योजले की धोका आटोक्यात येऊ शकतो, एवढा दिलासा त्यातून नक्की मिळतो.

आपल्याकडे पादचाऱ्यांची स्थिती मुळातच नाजूक आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक मरण पावले; त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. हे मृत्यू विद्युत वाहनांमुळे झाले, असा याचा अर्थ नाही. तुटलेले व व्यापलेले पदपथ आणि बेदरकार वेग ही कारणे जुनीच आहेत. प्रश्न इतकाच की, आधीच असुरक्षित असलेल्या या रस्त्यावर पादचाऱ्याचा कानाचा आधारही आपण काढून घेणार काय?

मुद्दाम घडवलेला आवाज

यावर जगाने काढलेला तोडगा म्हणजे गाडीच्या पुढच्या भागात एक ध्वनिक्षेपक बसवणे आणि मंद वेगात त्यातून आपोआप आवाज सोडणे. या यंत्रणेला ‘अकूस्टिक व्हेईकल अलर्टिंग सिस्टीम’ किंवा थोडक्यात ‘एव्हास’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा यासंबंधीचा नियम क्रमांक १३८ हा २०१६ मध्ये लागू झाला. युरोपीय संघाने जुलै २०१९ पासून नव्या प्रकारच्या आणि जुलै २०२१ पासून सर्वच नव्या विद्युत व हायब्रिड गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची केली.

या नियमातील तपशील पाहिले की त्यामागील विचार ध्यानात येतो. गाडी निघाल्यापासून ताशी २० किलोमीटर वेगापर्यंत आणि मागे येताना आवाज आला पाहिजे. गाडीच्या मार्गापासून दोन मीटर अंतरावर तो ताशी १० किलोमीटरला किमान ५० डेसिबल, २० किलोमीटरला ५६ डेसिबल आणि मागे येताना ४७ डेसिबल असावा. ७५ डेसिबलच्या वर तो जाऊ नये. आवाजात किमान दोन वेगवेगळ्या वारंवारितापट्टे असावेत आणि त्यांतील एक तरी १६०० हर्ट्झ किंवा त्याहून खालचा असावा. वरच्या पट्टीतील आवाज हरवलेल्या ज्येष्ठांच्या कानांपर्यंतही तो पोहोचावा, ही सोय त्यात आहे. शिवाय वेग वाढेल तसा सूर चढला पाहिजे, म्हणजे गाडी वेग घेत आहे की मंदावत आहे हे डोळे मिटूनही समजते. सुरुवातीला चालकाला हा आवाज थांबवण्याचे बटण ठेवण्याची मुभा होती; पुढील सुधारणेत ती काढून घेण्यात आली. ज्याच्या रक्षणासाठी आवाज आहे तो गाडीबाहेर असतो. मग तो बंद करण्याचा अधिकार आत बसलेल्याला का असावा?

अमेरिकेच्या नियमात आणखी एक गोष्ट आहे. गाडी थांबलेली असली पण निघण्याच्या तयारीत असली, तरीही तिने आवाज करावा. अंध व्यक्तीच्या दृष्टीने हे महत्त्वाचे; कारण समोर उभी असलेली गाडी केव्हाही निघू शकते. सर्व हायब्रिड व विद्युत गाड्यांना ही यंत्रणा बसली म्हणजे वर्षाला सुमारे २,४०० पादचारी जखमी होण्यापासून वाचतील, असा तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा अंदाज होता.

आवाज कसा असावा, हाही गमतीचा विषय ठरला. जॅग्वार कंपनीच्या अभियंत्यांनी आरंभी अंतराळयानासारखा आवाज करून पाहिला, तेव्हा लोक रस्त्याकडे पाहण्याऐवजी आकाशाकडे पाहू लागले! तो आवाज अर्थातच सोडून द्यावा लागला. आवाज ऐकताच ‘ही गाडी आहे’ हे लहान मुलालाही कळले पाहिजे, हा त्यातील धडा. याच कारणास्तव अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्ला कंपनीला पावणेसहा लाखांहून अधिक मोटारींच्या प्रणालीत दुरुस्ती करावी लागली. चालकांना बाहेर मनपसंत आवाज वाजवता येत होते आणि त्यांत हा इशारा झाकला जाण्याची शक्यता होती.

आपल्या देशात काय होत आहे?

भारतात या यंत्रणेसाठी ‘एआयएस १७३’ हे मानक आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यानुसार प्रवासी व मालवाहू विद्युत गाड्यांच्या नव्या नमुन्यांना १ ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्या नमुन्यांना १ ऑक्टोबर २०२७ पासून ही यंत्रणा असावी, असा प्रस्ताव आहे. मोटारी, बसगाड्या आणि ट्रक यांचा त्यात समावेश होतो.

परंतु आपल्या गल्लीतील चित्र डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडील बहुसंख्य विद्युत वाहने दुचाकी आणि तीनचाकी आहेत, आणि हा प्रस्ताव त्यांच्यासाठी नाही. त्यातही ज्या स्कूटरचा वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा अधिक नाही आणि जिच्या मोटारीची शक्ती २५० वॉटपर्यंतच आहे, तिला नोंदणी लागत नाही आणि चालकाला परवानाही लागत नाही. म्हणजे ज्या मंद वेगात शांतता सर्वाधिक घातक, नेमक्या त्याच वेगात ही हलकी वाहने गृहसंकुलांच्या आवारातून, कधी पदपथावरून, तर कधी उलट दिशेने फिरत असतात आणि त्यांना चाहूल देण्याचे बंधन नाही. सामान पोहोचवणारा तरुण घाईत असतो, आजोबा फेरफटका मारत असतात आणि दोघांच्या मध्ये कोणताही आवाज नसतो. स्कूटर मोटारीपेक्षा हलकी असली, तरी तिचा धक्का लागून पडलेल्या वृद्धाच्या खुब्याचे हाड मोडू शकते. आणि त्या वयात खुबा मोडणे म्हणजे पुष्कळदा स्वतःच्या पायांवरचे स्वातंत्र्य गमावणे.

गोंगाटात बुडालेली चाहूल

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. छप्पन्न डेसिबल म्हणजे किती? आपण दोघे जवळ बसून सहज बोलतो, तो आवाज साठ डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे हा इशारा आपल्या बोलण्यापेक्षाही हळू आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ढोबळमानाने सहा डेसिबलने घटतो. म्हणजे दोन मीटरवर ५६ डेसिबल असलेला आवाज आठ मीटरवर ४४ च्या आसपास उरतो. शांत आवारात तेवढा पुरेसा आहे. पण सभोवती सत्तर-ऐंशी डेसिबलची वर्दळ असेल, तर तो तिच्यात विरघळून जातो.

तो आवाज वाढवावा काय? तसे केले, तर ज्या शांततेसाठी आपण विजेची गाडी घेतली ती शांतताच जाईल. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, हे या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखे आहे. इशारा हळू आहे तो योग्यच आहे. ऐकू येण्यासाठी त्याला हवी आहे ती भोवतालची शांतता, आणि ती आपल्या हातात आहे. विनाकारण वाजवलेला प्रत्येक हॉर्न शेजारच्या गल्लीतील एखाद्या अंध विद्यार्थ्याच्या किंवा वृद्धेच्या कानावरची चाहूल काही क्षण पुसून टाकतो. हॉर्न आणि हा इशारा यांत मूलभूत भेद आहे. हॉर्न म्हणतो, ‘बाजूला हो’. इशारा म्हणतो, ‘मी येथे आहे’. पहिला हक्क सांगतो, दुसरा केवळ माहिती देतो.

आपल्या कुटुंबासाठी

नियम येतील, यंत्रणा बसतील; तोपर्यंत आणि त्यानंतरही पुढील गोष्टी घरोघरी पाळता येण्याजोग्या आहेत.

१. एक साधे सूत्र घरातील सर्वांना सांगा. आवाज आला, तर थांबा. आवाज आला नाही, याचा अर्थ रस्ता मोकळा आहे असा नव्हे. सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास संथ चालणाऱ्याला सुमारे सात सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी २० किलोमीटरने येणारी गाडी जवळजवळ चाळीस मीटर पुढे येते. इतक्या दूरचा इशारा ऐकू येणे अवघड आहे. म्हणून ज्यांना दिसते त्यांनी मान वळवून दोन्ही बाजूंना, आणि एकेरी मार्गावरही उलट बाजूला, पाहिलेच पाहिजे.

२. साठीनंतर डोळ्यांप्रमाणे कानांचीही तपासणी करून घ्या. दूरचित्रवाणीचा आवाज वाढत चालला असेल, मागून मारलेली हाक ऐकू येत नसेल, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नका. श्रवणयंत्र सुचवले असेल, तर ते घरी पेटीत न ठेवता बाहेर पडताना लावा. दोन्ही कानांना गरज असूनही एकाच कानाला यंत्र लावले, तर आवाजाची दिशा कळण्यास अडचण येते. याविषयी श्रवणतज्ज्ञांशी अवश्य बोला.

३. चालताना कान मोकळे ठेवा. बाहेरचा गोंगाट गाळणारे इअरफोन विशेषतः खालच्या पट्टीतील संथ, सलग आवाज दाबतात. गाडीचा इशारा बहुतांशी तसाच असतो. सकाळच्या फेरीत संगीत हवेच असेल, तर ते वाहने नसलेल्या बागेत ऐकावे.

४. मुलांना उभ्या गाड्यांमधून अचानक पुढे न येण्याची सवय लावा. लहान मुलांना येणाऱ्या गाडीच्या वेगाचा व अंतराचा अंदाज नीट येत नाही आणि उंची कमी असल्याने ती चालकालाही दिसत नाहीत. ‘आवाज नाही, म्हणजे गाडी बंद आहे’ हा समज त्यांच्या मनातून काढा. मागचे पांढरे दिवे लागले की गाडी मागे येणार, हे त्यांना शिकवा.

५. आपण विजेची गाडी चालवत असाल, तर समोरच्याला आपण आलेले कळलेच नाही, असे गृहीत धरून चालवा. पांढरी काठी दिसताच पूर्ण थांबा. मागे घेण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारा. केवळ कॅमेऱ्यावर विसंबू नका. नवी गाडी घेताना तिला ही यंत्रणा आहे का, हे विक्रेत्याला विचारा, आणि असल्यास ती बंद करून घेऊ नका.

६. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत हा विषय मांडा. आवारात ताशी दहा किलोमीटरची वेगमर्यादा, वळणावर बहिर्वक्र आरसे, चालण्यासाठी आखलेली स्वतंत्र पट्टी, मुलांच्या खेळण्याच्या वेळी वाहनांना दुसरा मार्ग आणि सामान पोहोचवणाऱ्या दुचाकींना फाटकाजवळ थांबण्याची जागा हे उपाय फारसे खर्चिक नाहीत. ज्यांना कमी दिसते वा कमी ऐकू येते, अशा रहिवाशांचे म्हणणे या सभेत प्रथम ऐकून घ्यावे. अडचण नेमकी कोठे आहे, हे तेच सांगू शकतील.

वाचकहो, विजेच्या गाड्या येत आहेत आणि त्या याव्यातच. त्यांच्यामुळे हवेतील विष कमी होईल, रात्रीची झोप सुधारेल. पण धोक्याची जबाबदारी कोणी उचलावी, हा प्रश्न त्यांनी नव्याने उभा केला आहे. पूर्वी गाडी स्वतः आपली वर्दी देत असे. आता ती गप्प झाली, म्हणून सावध राहण्याचा सारा भार काठी टेकत चालणाऱ्या माणसावर टाकणे न्याय्य नाही. घुंगरमाळ गाडीवानाने बांधायची असते, वाटसरूने नव्हे. आज संध्याकाळी आवारातून आपली गाडी बाहेर काढताना वेग थोडा कमी ठेवा, काच थोडी खाली घ्या आणि आसपास कोण चालत आहे ते पाहा.